सिगारेट दाराबाहेर, वास शेजारच्या खुर्चीत

2 ऑक्टोबर 2008 पासून देशातल्या कोणत्याही कार्यालयात सिगारेट ओढायला बंदी आहे. टेबलावरचे ॲशट्रे गेले, धुराने भरलेल्या केबिन गेल्या आणि ओढणारी मंडळी खाली टपरीवर जाऊ लागली. कायद्याचं काम तिथे संपलं. पण खाली गेलेला सहकारी दहा मिनिटांनी जिना चढून परत येतो, आपल्या जागेवर बसतो, आणि त्याच्या शर्टातून, केसांतून, श्वासातून एक शिळा, करपट वास पसरायला लागतो. धूर कुठेच दिसत नाही. तक्रार करावी तर नियम कुणी मोडलेला नाही. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याचं डोकं मात्र दुखायला लागतं, आणि दिवसातून चार-पाच वेळा हेच होतं.

वसई-विरारमध्ये हा त्रास जास्त जाणवतो, कारण इथल्या ऑफिसांची घडणच तशी आहे. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर या भागांत औद्योगिक गाळ्यांच्या रांगा आहेत. खाली मशीन, वर पोटमाळा, आणि त्या पोटमाळ्यावर हिशेब, खरेदी, डिस्पॅच असे सगळे विभाग एकाच खोलीत. नालासोपारा आणि विरारला स्टेशनजवळच्या इमारतींत दुकानांच्या वरच्या मजल्यावर सीएंची, इस्टेट एजंटांची, वकिलांची ऑफिसं आहेत. दहा-बारा माणसं, एक स्प्लिट एसी, आणि धूळ व आवाज नको म्हणून कायमच्या बंद केलेल्या खिडक्या. मोठ्या कंपनीत माणूस जागा बदलून घेऊ शकतो. इथे खुर्ची दोन फूट सरकवायलाही जागा नसते.

अशा ठिकाणी हा प्रश्न स्वभावाचा होऊन बसतो. एकाला वाटतं, ‘याला कशाचंच काही वाटत नाही.’ दुसऱ्याला वाटतं, ‘मी खाली जाऊन ओढतो, तरी यांची कुरकुर आहेच.’ दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. या वासाकडे एक पदार्थ म्हणून पाहिलं, तो कुठून येतो, कशावर बसतो, कशाने निघतो हे समजून घेतलं, तर त्यावर भांडणाशिवाय मार्ग काढता येतो.

वास नेमका कशाचा

सिगारेटच्या धुरात 7,000 हून अधिक रसायनं असतात आणि त्यांपैकी सुमारे 70 कर्करोगाशी जोडलेली आहेत. धुराचे कण अतिशय बारीक असतात, एका मायक्रॉनपेक्षाही लहान. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज येईल. एवढे बारीक कण कापडाच्या विणीत सहज शिरतात. कणांबरोबर वायूही असतात, आणि ते कापड, केस, त्वचा, फोम, कागद अशा प्रत्येक पृष्ठभागाला चिकटतात. पुढे तासन्‌तास ते तिथून हळूहळू सुटत राहतात. वसईच्या वाड्यांतून पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात मोगरा नेणाऱ्या बाईच्या पदराला टोपली रिकामी झाल्यावरही मोगऱ्याचा वास राहतो. इथे घडतं तेच, फक्त द्रव्य वेगळं.

शिळ्या सिगारेटचा ओळखू येणारा वास मुख्यतः पिरिडीन गटातल्या संयुगांमुळे येतो. तंबाखू जळताना निकोटीनचं विघटन होतं आणि ही संयुगं तयार होतात. हवेत ती नगण्य प्रमाणात असली तरी माणसाच्या नाकाला कळतात. निकोटीन स्वतः अल्कधर्मी आणि चिकट आहे. ते भिंतीवर, टेबलावर, बोटांवर थर धरून बसतं. धूर विरल्यानंतर मागे राहणाऱ्या या साऱ्या अवशेषाला शास्त्रज्ञ ‘थर्ड हँड स्मोक’ म्हणतात. 2009 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे बालरोगतज्ज्ञ जोनाथन विनिकॉफ यांच्या शोधनिबंधानंतर ही कल्पना सर्वदूर पोहोचली.

पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. पृष्ठभागावर बसलेलं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावतं आणि त्यातून नायट्रोसमाइन ही कर्करोगकारक संयुगं तयार होतात. प्रयोगात तीन तासांत त्यांचं प्रमाण दसपटीहून अधिक वाढलं. नायट्रस आम्ल गॅसच्या शेगडीतून आणि वाहनांच्या धुरातून येतं. म्हणजे सिगारेटचा अवशेष नुसता पडून राहत नाही, त्याच्यात बदल होत राहतात. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत ऑफिस असणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

माणसाबरोबर वास किती येतो

‘अहो, बाहेर ओढून आलो, आत काय येणार?’ या प्रश्नाचं मोजून काढलेलं उत्तर आता उपलब्ध आहे. येल विद्यापीठाचे ड्र्यू जेंटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या माइन्झ शहरातल्या एका सिनेमागृहात हवेची मोजणी केली. तिथे धूम्रपानाला पूर्ण बंदी होती आणि बाहेरची ताजी हवा सतत खेळती होती. तरीही प्रेक्षक आत आले की हवेत बेंझिन, फॉर्माल्डिहाइड आणि तंबाखूच्या धुरातली इतर संयुगं एकदम वाढत. लहान मुलांच्या चित्रपटांपेक्षा प्रौढांच्या चित्रपटांना ही वाढ जास्त दिसली. प्रेक्षकांच्या अंगावरून आणि कपड्यांवरून सुटलेल्या या वायूंचा तासाभराचा हिशेब 1 ते 10 सिगारेटींच्या धुराजवळ बसल्याइतका भरला. हे संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. सिनेमागृह प्रशस्त आणि हवेशीर होतं. बंद खिडक्यांच्या छोट्या खोलीत प्रमाण याहून वाढणार, असं संशोधकांनीच नोंदवलं आहे.

श्वासाचाही वाटा असतो. शेवटचा झुरका घेतल्यावर साधारण मिनिटभर उच्छ्वासातून धुराचे कण बाहेर पडत राहतात. वायूंना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. जपानमधल्या संशोधकांच्या मोजणीनुसार ओढणाऱ्याच्या श्वासातल्या वायूंचं प्रमाण पूर्ववत व्हायला सुमारे 45 मिनिटं लागतात. तो आधार घेऊन जपानच्या नारा प्रांतातल्या इकोमा शहराच्या पालिकेने 2018 मध्ये कर्मचाऱ्यांसाठी नियम केला: सिगारेट ओढल्यानंतर 45 मिनिटं लिफ्ट वापरायची नाही.

याने सहकाऱ्याला आजार होतो का? इथे मोजूनमापून बोललं पाहिजे. शेजारी कुणी प्रत्यक्ष सिगारेट ओढत असेल तर त्या धुराने हृदयरोग, फुप्फुसाचा कर्करोग, दमा वाढणं हे सगळं होतं, हे निर्विवाद सिद्ध आहे. कपड्यांवरून येणाऱ्या अवशेषाबद्दल रसायनं आणि त्यांचे शरीरातले काही परिणाम मोजले गेले आहेत. कॅलिफोर्नियातल्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा निरोगी, सिगारेट न ओढणाऱ्या माणसांना असा अवशेष असलेले कपडे तीन तास घालायला दिले. त्यांच्या लघवीत पेशींची हानी दाखवणारे घटक वाढलेले आढळले. पण ऑफिसात शेजारी बसल्याने अमुक आजार होतो, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. दमा असणारे, मायग्रेन असणारे आणि गरोदर स्त्रिया यांना मात्र त्रास ताबडतोब होतो. दम्यात श्वासनलिका आवळतात, मायग्रेनमध्ये वासानेच डोकं उठतं, गरोदरपणात मळमळ सुरू होते. त्यांचं म्हणणं गांभीर्याने घ्यायला पुढच्या संशोधनाची वाट पाहायची गरज नाही.

नाक दोघांनाही फसवतं

ओढणाऱ्याला स्वतःचा वास येत नाही, यात बनाव नसतो. कोणताही वास सतत आला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं थांबवतं. शिवाय वर्षानुवर्षांच्या धुराने घ्राणेंद्रियाची संवेदनशीलताच बोथट होते. म्हणून ‘मला तर काही येत नाही’ हे त्याचं उत्तर प्रामाणिक असतं आणि तरीही चुकीचं असतं.

त्रास होणाऱ्याच्या नाकाचीही एक गोष्ट आहे. वासाचा संदेश मेंदूत भावना आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांकडे थेट पोहोचतो. म्हणून नकोसा वास आला की विचाराआधी राग किंवा घुसमट येते. फिलाडेल्फियातल्या मोनेल संशोधन केंद्रात पामेला डाल्टन यांनी यावर प्रयोग केले. एकच वास काही जणांना ‘अपायकारक रसायनाचा’ म्हणून दिला, काहींना ‘नैसर्गिक अर्काचा’ म्हणून. अपायकारक समजून बसलेल्यांनी डोकेदुखी, घशाची खवखव अशा तक्रारी जास्त केल्या. त्यांचा त्रास खराच होता, पण भीतीने तो वाढवला होता. म्हणून वास आला म्हणजे विषाचा मोठा डोस पोटात गेला, असं धरून चालू नये. नाक धोक्याच्या पातळीच्या कितीतरी खालीच सूचना देतं. त्या सूचनेवर हवा बदलण्याची व्यवस्था करावी, घाबरून जाऊ नये.

इथली हवा, इथला एसी

वसई-विरारच्या हवेत ओल भरपूर. पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते आणि कपडे धड वाळत नाहीत. पाऊस सुरू असला की सगळे टपरीच्या ताडपत्रीखाली दाटीने उभे राहतात. वर ताडपत्री, बाजूला माणसं, धूर तिथेच कोंडतो आणि उघड्यावर लागला असता त्याहून जास्त वास कपड्यांना लागतो. न ओढणारा, नुसता चहाला गेलेला सहकारीही मग तोच वास घेऊन वर येतो. आरोप करण्याआधी ही शक्यता तपासायला हवी.

ओलीचा दुसरा परिणाम सूक्ष्म आहे. फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, जिथे कुणी सिगारेट ओढत नव्हतं अशा रिकाम्या वर्गाची हवा तपासली होती. हवेतल्या सूक्ष्म कणांच्या वस्तुमानात 29 टक्के वाटा तंबाखूच्या जुन्या अवशेषाचा निघाला. उन्हाळ्यातल्या दमट दिवसांत हवेतले कण पाणी धरून असतात. निकोटीनसारखी द्रव्यं पृष्ठभागावरून सुटून त्या पाण्यात विरघळतात आणि पुन्हा हवेत फिरू लागतात. वातानुकूलनाच्या नळ्यांतून ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पोहोचतात.

स्प्लिट एसीबद्दल आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे. तो बाहेरची हवा आत आणतो असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत सोडतो. खिडक्या बंद आणि एसी चालू असेल तर सकाळी साडेअकराला आलेला वास दुपारच्या डब्यापर्यंत खोलीत फिरत राहतो.

उपाय साधा आणि स्वस्त आहे: एक्झॉस्ट फॅन. समजा खोली 20 फूट लांब, 15 फूट रुंद आणि 10 फूट उंच आहे. तिच्यात सुमारे 85 घनमीटर हवा मावते. बाजारात मिळणारा 6 इंची एक्झॉस्ट फॅन तासाला साधारण दोनशे ते तीनशे घनमीटर हवा बाहेर टाकतो. नेमकी क्षमता खोक्यावर छापलेली असते. म्हणजे तासाला जवळपास तीन वेळा खोलीतली हवा बदलते. तासाला एकदाच हवा बदलली तर तासाभराने आधीच्या वासाचा 37 टक्के भाग उरतो, तीनदा बदलली तर 5 टक्के. कपड्यांतून वास सुटत राहतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो इतका कमी होणार नाही. पण साचणं थांबतं. फॅन वासाच्या उगमाजवळ हवा, आणि ताजी हवा आत यायला समोरच्या बाजूला खिडकीची फट हवी. फट नसेल तर फॅन नुसता गरगरतो. एसीचं बिल थोडं वाढेल, मालकाने ते मान्य करावं.

किनारपट्टीला निसर्गाचीही मदत आहे. दिवसा, विशेषतः दुपारी, समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. पश्चिमेची खिडकी आणि तिच्या समोरचं पूर्वेचं दार किंवा झरोका जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं उघडा ठेवला की खोली बरीच मोकळी होते. गाळ्यात पुढचं शटर आणि मागची खिडकी यांची अशीच जोडी जमते. पश्चिमेच्या खिडकीखालीच टपरी असेल तर मात्र दुसरी खिडकी शोधावी.

कशाने वास जातो, कशाने नाही

ऑफिसात पहिली धाव रूम फ्रेशनरकडे असते. फ्रेशनरने वासावर वास चढतो, द्रव्य तिथेच राहतं. लिंबू-संत्र्यासारख्या सुगंधात लिमोनीन असतं. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग झाला की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. उदबत्ती आणि धूप यांचा धूर हाही धूरच, त्यातही बारीक कण असतात. दम्याच्या माणसाला त्याने आणखी त्रास होतो. ओझोन सोडणारी ‘हवा शुद्ध करणारी’ यंत्रं माणसं बसलेल्या खोलीत लावू नयेत. ओझोन फुप्फुसांना इजा करतो.

एअर प्युरिफायर घ्यायचा तर त्यातली एक गोष्ट तपासावी. हेपा फिल्टर कण पकडतो, वायू पकडत नाही. वास मुख्यतः वायूंचा आहे. त्यासाठी सक्रिय कार्बनचा थर लागतो, तोही भरपूर वजनाचा. कागदासारखी पातळ काळी जाळी थोड्याच काळात भरून जाते आणि मग तिचा उपयोग राहत नाही. कुंड्यांबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. मनी प्लांटने टेबल छान दिसतं. पण झाडांनी खोलीची हवा मोकळ्या खिडकीइतकी स्वच्छ करायची तर जमिनीच्या दर चौरस मीटरला किमान 10 आणि कदाचित 1,000 झाडं लागतील, असा हिशेब 2019 मधल्या एका आढाव्यात निघाला.

निकोटीन अल्कधर्मी असल्याने त्याच्यावर सौम्य आम्ल चांगलं काम करतं. टेबल, खुर्चीचे हात, दाराच्या मुठी, कीबोर्डच्या बाजू साबणाच्या पाण्याने पुसाव्यात, मग पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून त्या फडक्याने पुसाव्यात. आम्लामुळे निकोटीन पाण्यात विरघळणाऱ्या रूपात येतं आणि निघतं. खाण्याचा सोडा स्वतः अल्कधर्मी असल्याने निकोटीनवर त्याचा तितका उपयोग होत नाही. एक धोक्याची सूचना: व्हिनेगर आणि ब्लीचिंगचं द्रावण कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. एसीची जाळी दर दोन आठवड्यांनी धुवावी. कापडी गादीच्या खुर्चीऐवजी जाळीची किंवा रेक्झिनची खुर्ची घेतली तर वास धरायला जागाच कमी राहते. जाड पडदे काढून पुसता येतील अशा पट्ट्या लावाव्यात.

सर्वांत जास्त फायदा मात्र उगमाशी केलेल्या छोट्या बदलांनी होतो, आणि ते ओढणाऱ्याच्या हातात आहेत. खाली जाताना वरचा शर्ट किंवा जॅकेट वेगळं ठेवणं, म्हणजे एक जुना सुती शर्ट ‘टपरीचा’ म्हणून ठेवायचा आणि वर येताना काढून बंद पिशवीत टाकायचा. ताडपत्रीखाली न थांबता उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहणं. शेवटच्या झुरक्यानंतर लगेच जिना न चढता पाच मिनिटं थांबणं. हात साबणाने कोपरापर्यंत धुणं, तोंड आणि मिशी-दाढी पाण्याने धुणं, चूळ भरणं, पाणी पिणं. वेलची किंवा पेपरमिंट तोंडाला बरं वाटावं म्हणून ठीक आहे, पण वास तोंडापेक्षा कपड्यांतून आणि केसांतून जास्त येतो. आणि डिओड्रंट मारून वर येऊ नये. दोन वासांचं मिश्रण शेजाऱ्याला एका वासापेक्षा जड जातं.

बोलायचं कसं

बोलण्याआधी दोन-चार दिवस नीट पाहावं. वास कधी येतो? तो सहकारी सुट्टीवर असतानाही येतो का? जिन्यात कुणी ओढतं का, शौचालयाच्या झरोक्यातून धूर येतो का, शेजारच्या गाळ्याशी एसीची नळी जोडलेली आहे का? अनेकदा एका माणसावर ठपका असतो आणि वास जिन्यातला असतो.

खात्री झाली की एकट्याने, एकांतात, शांतपणे बोलावं. चारचौघांत नाक दाबणं, मुद्दाम फ्रेशनर मारणं, ग्रुपवर टोमणा टाकणं याने माणूस दुखावतो आणि पुढचं सगळं बंद होतं. माणसाबद्दल न बोलता आपल्या त्रासाबद्दल बोलावं आणि त्याच वेळी एक मागणी ठेवावी. वयाने मोठ्या सहकाऱ्याला असं म्हणता येईल: ‘दादा, एक सांगायचं होतं, रागावू नका. तुम्ही बाहेरून आलात की थोडा वेळ सिगारेटचा वास राहतो आणि मला दम्याचा त्रास आहे. आपण तो एक्झॉस्ट चालू ठेवू या का? आणि तुम्ही आल्यावर पाच मिनिटं खिडकीपाशी बसलात तर मला फार बरं पडेल.’ बरोबरीच्या मित्राला: ‘अरे, तू ओढ किंवा नको ओढू, तो तुझा प्रश्न. पण शर्टाला वास राहतो आणि माझं डोकं धरतं. खाली जाताना दुसरा शर्ट घालशील का?’ साहेबच ओढत असतील तर एकट्या ज्युनिअरने जाऊ नये. प्रशासन सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे सगळ्यांनी मिळून ‘खोलीतली हवा कोंडते’ असा विषय न्यावा. तो खरा आहे आणि त्यात कुणाचं नाव येत नाही.

इथे एक आकडा समजून घेण्यासारखा आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरणारे निघाले. पण त्यात धूम्रपान करणारे फक्त 3.8 टक्के. बाकी बहुतेकांची तंबाखू तोंडात असते. म्हणजे आपल्याकडच्या दहा-बारा जणांच्या ऑफिसात सिगारेट ओढणारा असलाच तर बहुधा एकटाच असतो. बाकी सगळे एका बाजूला आणि तो दुसऱ्या, अशी विभागणी सहज होते. घेरल्यासारखं वाटलेला माणूस बचाव करतो, बदल करत नाही. म्हणून सगळ्यांच्या वतीने एकाच माणसाने बोलणं, आणि त्यानेही मैत्रीत बोलणं, हा शिष्टाचार तर आहेच, शिवाय तोच उपाय लागू पडतो.

कायदा कुठपर्यंत येतो

सार्वजनिक जागी धूम्रपानबंदीचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करणारा आदेश दिला. 2003 मध्ये संसदेने तंबाखू नियंत्रणाचा कायदा केला, आणि 2008 च्या नियमांनी ‘सार्वजनिक जागे’त खासगी कामाची ठिकाणंही स्पष्टपणे आणली. प्रवेशदारी 60 बाय 30 सेंटिमीटरचा फलक हवा, त्यावर तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव हवं, आत ॲशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायचे नाहीत, आणि हे सांभाळण्याची जबाबदारी मालकाची किंवा व्यवस्थापकाची. दंड 200 रुपयांपर्यंत. जिना, शौचालय, कँटीन, लिफ्ट, कॉरिडॉर सगळं यात येतं. गाळ्याच्या जिन्यात कुणी ओढत असेल तर तिथे विनवणी करत बसायची गरज नाही, नियम आपल्या बाजूने आहे. 2016-17 च्या त्याच तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या बंदिस्त जागेत काम करणाऱ्या 30.2 टक्के प्रौढांनी कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो असं सांगितलं. बंदीनंतर आठ वर्षांनी हे चित्र होतं.

बाहेर ओढून आलेल्या माणसाच्या कपड्यांना मात्र हा कायदा लागू होत नाही, आणि व्हावा अशी मागणीही करू नये. ऑफिसने स्वतःचा साधा नियम करावा: ओढायची जागा दारापासून आणि खिडक्यांपासून दूर, परत आल्यावर हात धुणं, आणि वासाचा त्रास असणाऱ्याला जागा बदलून मागण्याचा हक्क. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही स्वच्छता आणि वायुवीजन ही मालकाची जबाबदारी मानली आहे.

सोडायची असेल तर

निकोटीनचं रक्तातलं प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणून ओढणारा दर दीड-दोन तासांनी खाली जातो. आळस किंवा कामचुकारपणा म्हणून त्याच्याकडे पाहू नये. मेंदू मागणी करत असतो. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थता, झोपेचा त्रास होतो आणि नंतर ते उतरत जातं. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे. तिचं एक केंद्र मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आहे, त्यामुळे मराठीत बोलता येतं. निकोटीनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो; तो कसा आणि किती काळ वापरायचा हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.

कामाची जागा या लढाईत किती उपयोगी पडते याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रसायन उद्योगात 104 कर्मचाऱ्यांबरोबर तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम राबवला. जवळपास निम्मे तंबाखू वापरणारे होते. वर्षभर पुन्हापुन्हा जाऊन त्यांच्याशी बोलणं, तपासणी आणि समुपदेशन झालं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार प्रत्येक भेटीगणिक सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं आणि वर्षअखेर ते 40 टक्क्यांवर पोहोचलं. दंडाने किंवा टोमण्यांनी हे झालं नाही. माणसांनी पाठपुरावा केला म्हणून झालं.

एक्झॉस्ट फॅन, धुतलेले हात, वेगळा शर्ट यांनी वास कमी होतो. तो कायमचा जातो सिगारेट सुटल्यावरच, आणि सिगारेट सोडणारा माणूस दिवसाचे आठ-नऊ तास ऑफिसात असतो. त्या तासांत त्याच्याबरोबर सिगारेटविना चहाला जाणारा, पहिल्या आठवड्यातली त्याची चिडचिड मनावर न घेणारा एक सहकारी त्याला हवा असतो. वासाचा सर्वांत जास्त त्रास ज्याला होतो, त्याने हे काम स्वतःहून अंगावर घ्यावं. त्याच्याइतकी या गोष्टीची निकड दुसऱ्या कुणाला नसते.